न पाहणाऱ्यांची पुण्याई

गेल्या दोनशे वर्षांत अजिंठ्याची लेणी ज्यांनी ज्यांनी मन लावून पाहिली, त्यांनी लेण्यांचं काही ना काही नुकसान केलं. ज्यांनी पाहिली नाहीत, त्यांच्या हातून रंगाचा एक टवकाही उडाला नाही. इतकी उघड गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही, आणि दर दिवाळीच्या सुटीनंतर कुणीतरी रसिक वर्तमानपत्राला पत्र लिहितो, की अजिंठ्याला लोटणाऱ्या गर्दीला कलेची जाण नाही. ती फोटो काढते, वेफर्स खाते आणि जाते. वाचून आम्हाला वाईट वाटतं. ज्या माणसाला ताम्रपट द्यायचा, त्याची ही अशी संभावना!

इतिहासच घ्या. पाचव्या शतकात वाकाटकांच्या हरिषेण राजाच्या काळात तिथे शेवटची धामधूम झाली. प्रधान वराहदेवाने सोळावं लेणं दान दिलं, भिंती रंगल्या, छतं रंगली, आणि मग काही लेणी अर्धवट टाकून कारागीर निघून गेले. पुढे हजाराहून जास्त वर्षं वाघूर नदीच्या त्या नालासारख्या कड्याकडे एकही रसिक फिरकला नाही. वटवाघळं होती, गुराखी होते, पावसाळ्यात सप्तकुंडाचा धबधबा होता. गुराख्यांना लेणी ठाऊक होती, पण ‘रंगसंगती’ हा शब्द ठाऊक नव्हता. चित्रं टिकली ती यांच्या राज्यात.

28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला घोडदळाचा अधिकारी तिथे पोचला. वाघाच्या मागावर होता असं सांगतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं या भागातलं ऊन ज्याने अंगावर घेतलंय, त्याला वाघाची कथा लागत नाही. साहेब सावली शोधत आत शिरला असावा, असं आमचं मत. आत त्याने दहाव्या लेण्यातलं चित्रकाम पाहिलं आणि पहिल्या अभ्यागताला शोभेल असंच केलं. खांबावरच्या चित्रावर आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरून ठेवली.

या गृहस्थाला पुष्कळ नावं ठेवली जातात. आम्ही ठेवणार नाही. उलट आजच्या तरुणांनी त्याच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आजचा तरुण बदाम काढतो, त्यातून बाण आरपार घालतो, दोन अक्षरं कोरतो, पण तारीख टाकत नाही. दोनशे वर्षांनी इतिहास संशोधकांनी या बदामाचा काळ ठरवायचा कसा? स्मिथने तारीख टाकली म्हणून आज अजिंठ्याच्या ‘शोधा’ची तारीख आपल्याला सांगता येते. शिवाय त्या वेळी लेण्यात दगडमातीचा भराव होता आणि साहेब त्या भरावावर उभा होता. भराव काढल्यावर त्याची सही आपोआप डोक्याच्या वर गेली. तिच्यापर्यंत आता कुणाचा हात पोचत नाही. खालच्या चित्रांना हा लाभ मिळाला नाही.

स्मिथ निदान एका सहीवर थांबला. खरी आपत्ती नंतर आली, ती कलाप्रेमाच्या रूपाने. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलं. हा माणूस चित्रांत इतका बुडाला की जवळपास वीस वर्षं नकला करत बसला. कॅनव्हास लंडनला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले, आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळून गेले. गिल 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. रेल्वेने भुसावळ ओलांडणाऱ्या लाखो लोकांना ती माहीत नाही, त्यामुळे तीही बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

गिलवरून कुणी धडा घेतला नाही. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तिथे ठाण मांडून बसले. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निशही चढलं. त्या नकला लंडनला गेल्या आणि 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळ गेल्या. पुढे जपानी चित्रकार अराई काम्पो आले, निष्ठेने नकला करून तोकियोला घेऊन गेले. 1923 च्या भूकंपात त्याही नष्ट झाल्या. मधल्या काळात निजाम सरकारने चित्रं जपायची म्हणून इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. 1920 ते 1922 या काळात त्यांनी सुटू लागलेला गिलावा बसवला, हे मान्य करायला हवं. पण चित्रांवर लाखेचा थरही दिला. लाख पिवळी पडली. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तो पिवळेपणा उतरवत पुढची कित्येक दशकं बसले.

म्हणजे दोन आगी, एक भूकंप आणि लाखेचा एक थर. यातलं काहीही वेफर्स खाणाऱ्या माणसाने केलेलं नाही.

आता हा माणूस नेमकं काय करतो ते पाहू. तो जळगावच्या स्टेशनवर उतरतो किंवा धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत येतो. लेणी संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगाव स्वतःला अजिंठ्याचं प्रवेशद्वार म्हणवतं, आणि प्रवेशद्वाराने आत जायचं नसतं, ही मर्यादा जळगावकर कसोशीने पाळतो. पाहुणे आल्याशिवाय तो तिकडे जात नाही. नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरपर्यंतचा साठेक किलोमीटरचा हा रस्ता चौपदरीकरणाच्या नावाखाली काही वर्षं असा उकरून ठेवला होता, की अर्धे रसिक पहूरलाच शरण येत. लोक ठेकेदाराला शिव्या देत. वारसा जपण्याच्या कामात ठेकेदाराचाही वाटा असू शकतो, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवावी लागते. लेण्यांना धुराचा त्रास नको म्हणून तिथून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. पण बस आणि गाडीतळ यांच्या मध्ये दुकानांची एक गल्ली लागते, आणि आमच्या मते ही गल्ली म्हणजे अजिंठ्याचं सर्वांत बळकट कवच आहे. तिथे माळा आहेत, टोप्या आहेत, दगडी हत्ती आहेत, आणि फोडल्यावर आत स्फटिक चमकणारे पोकळ दगड आहेत. माणूस घासाघीस करून असा एक दगड घेतो. आता त्याच्याकडे स्वतःची एक गुहा झाली. आत पाहायलाही सोपी, पायऱ्या नाहीत, चपला काढायला नकोत. कित्येकांचा अजिंठा इथेच पुरा होतो. बाकीचे बसच्या रांगेत लागतात, आणि रांगेत ‘किती वेळ लागेल परत यायला?’ असं विचारतात. पोचण्याआधी परतीची चौकशी करणारा माणूस लेण्यांत फार काळ श्वास सोडणार नाही, ही केवढी मोठी हमी आहे!

श्वासाची गोष्ट गमतीची नाही. चित्रं आहेत ती मातीच्या गिलाव्यावर. मातीत भुसा, तंतू कालवून भिंत लिंपली, वर चुन्याचा पातळ हात दिला, त्यावर रंग. अशा भिंतीला दमटपणा सोसत नाही, आणि माणूस हा दमटपणा घेऊन फिरणारा प्राणी आहे. म्हणून मुख्य लेण्यांत एका वेळी चाळीसच माणसं सोडण्याचा नियम आहे. नियम पाळणारा पहारेकरी शिट्टी वाजवतो, ‘चला, चला पुढे’ म्हणतो. पाहुणा खूश होतो. त्यालाही पुढेच जायचं असतं.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी आहे. जगातल्या कलेच्या पुस्तकांत ज्याचं चित्र असतं तो हाच. तर पद्मपाणीचं रक्षण कसं होतं? गाइड आधी एका खांबाकडे नेतो. तिथे चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. झालं. पोरं हरणं मोजतात, बाप्ये पैज लावतात, आजी म्हणते, ‘अगं बाई, खरंच की!’ मग गाइड गाभाऱ्यातल्या बुद्धावर डावीकडून, उजवीकडून आणि खालून बॅटरीचा झोत टाकून दाखवतो, की मूर्तीचा भाव दर झोताला बदलतो. हा प्रयोग होईतो चाळीस माणसांची वेळ संपते. पद्मपाणीकडे जाता जाता एक नजर जाते, तीही मोबाइलच्या पडद्यातून. फ्लॅशला बंदी असल्याने फोटो काळा येतो. काळा फोटो घरच्या ग्रुपवर पडतो, खाली नमस्काराचे हात उमटतात. इतक्या कमी झिजेत इतकं समाधान देणारं दुसरं स्थळ आम्हाला माहीत नाही.

पुढच्या लेण्यांत पाहणाऱ्यांची संख्या आपोआप घटते. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे, सिंहलाची गोष्ट आहे, वाचत गेलं तर दिवस पुरणार नाही. पण तोवर डब्याची आठवण झालेली असते. नदीकाठच्या झाडांखाली पुऱ्या, बटाट्याची भाजी, ठेचा आणि शेव उघडली जाते, माकडं हजेरी लावतात, आणि माकडांचे फोटो मात्र लख्ख येतात. सव्विसाव्या लेण्यातला सातेक मीटर लांबीचा निजलेला बुद्ध बघायला पोचतात ते मोजकेच. त्यातले काही तर डोलीत बसून जातात; डोली वाहणाऱ्यांनी तो इतक्या वेळा पाहिलाय की ते पाठ करून विडी ओढत बसतात.

एक कुटुंब असतं, त्याला मात्र आम्ही मनोमन हात जोडतो. हे कुटुंब सोमवारी अजिंठ्याला येतं. सोमवारी अजिंठा बंद असतो. फाटकापाशी थोडी बाचाबाची होते, ‘एवढ्या लांबून आलोय भाऊ’ वगैरे होतं, आणि मग कर्ता पुरुष निर्णय देतो, की हरकत नाही, उद्या वेरूळ करू. मंगळवारी वेरूळ बंद असतं.

याउलट फ्रान्सची गत बघा. तिथे लास्कोची गुहा 1940 मध्ये पोरांना सापडली, युद्धानंतर लोकांसाठी खुली झाली, रसिक दिवसाला हजाराच्या वर येऊ लागले, आणि त्यांच्या श्वासाने भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. 1963 मध्ये सरकारने घाबरून गुहा बंद केली आणि पुढे शेजारी तिची हुबेहूब नक्कल उभारली. 1983 साली ती नक्कल उघडली; त्याच साली अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आला. हा योग साधून आपणही धडा घेतला. जपानच्या कर्जातून फर्दापूरजवळ भव्य अभ्यागत केंद्र बांधलं, त्यात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, 2013 साली ते उघडलं. काही वर्षांतच विजेची आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. फ्रेंचांनी अस्सल गुहा बंद ठेवून नक्कल उघडी ठेवली. आपण नक्कल बंद ठेवून अस्सल उघडं ठेवलं. कामाची वाटणी तीच, फक्त कुलूप कुठे लावायचं यावर मतभेद.

आमच्या सिद्धान्ताची उलट बाजूही खानदेशातच तपासता येते. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात लेणी आहेत. तिथून डोंगर चढून गेलं तर पितळखोरा, अजिंठ्याच्या जुन्या लेण्यांच्या बरोबरीचा. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे भामेरच्या डोंगरात कोरलेल्या गुहांची रांग आहे. तिथे स्फटिकांचे दगड विकत मिळत नाहीत, एसी बस नाही, चार हरणांचं एक डोकं नाही. पाटणादेवीला लोक जातात ते देवीला, आणि देवी लेण्यांत नाही हे लेण्यांचं नशीब. भामेरला गुरं जातात. वराहदेवानंतरच्या अजिंठ्याइतकीच ही ठिकाणं आज निर्धास्त आहेत.

धोका फक्त एकाच प्रकारच्या माणसापासून आहे. हा एकटा येतो. सतराव्या लेण्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभा राहतो, मग एका भिंतीपुढून हलत नाही. मागची रांग तुंबते, पहारेकऱ्याची शिट्टी त्याला ऐकू येत नाही, आणि त्याचा ऊन-ऊन श्वास थेट जातककथेवर जात असतो. हाच माणूस घरी गेल्यावर नक्कल करायला बसतो, पुस्तक लिहितो, दहा मित्रांना पाठवतो. पर्यटन खात्याने असल्या लोकांकडून जबर शुल्क घ्यावं आणि ते वेफर्सवाल्यांच्या तिकिटात सूट द्यायला वापरावं, अशी आमची सूचना आहे. ओळखायची खूणही सोपी: चेहऱ्यापुढे मोबाइल नसतो.

जळगावकराला अर्थात या कशाचीच गरज पडत नाही. लेण्यांच्या पायाखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते, तिथे तिच्यावर धरण आहे, आणि जळगाव शहराच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं. सप्तकुंडातून पडलेलं पाणी घरात हंड्यात येत असताना त्याने चाळीस रुपयांचं तिकीट का काढावं?

या साधनेतले सिद्धपुरुष भेटतात ते फर्दापूरच्या गाडीतळावर. भाड्याच्या गाड्यांचे चालक. पाहुणे बसच्या रांगेत लागले की ते सीट मागे पाडतात, दारं उघडी टाकतात, तोंडावर उपरणं ओढतात. कित्येक वर्षं ते आठवड्याला दोनदा अजिंठ्याला येतात, आणि स्मिथने ज्या खांबावर नाव कोरलं त्याच्यापासून चार किलोमीटर अंतर राखून परत जातात. अशाच एकाला पाहुण्यांपैकी कुणीतरी भाबडेपणाने विचारलं, तुम्ही कधीच वर गेला नाहीत? त्याने उपरणं जरा बाजूला केलं.

‘तठे काय शे, जिभाऊ? आंधारंच शे.’

आणि लगेच विचारलं, की परतताना पहूरला चहाला थांबायचंय की थेट जळगाव.