आधी जमीन, मग भाव

कोकणातल्या जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाची वीज किती रुपये युनिटने मिळणार? डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले आणि अरेवा कंपनीशी करार झाला, तेव्हा याचं उत्तर नव्हतं. पुढे अरेवाचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीकडे गेला. ईडीएफने 2021 मध्ये आपला प्रस्ताव दिला. पक्का दर अजून लोकांसमोर नाही.

जमीन मात्र घेऊन झाली. राजापूर तालुक्यातल्या माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या भागातली 938 हेक्टर. 2013 मध्ये भरपाई वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख केली, म्हणजे गुंठ्याला पावणेतेवीस हजारांच्या आसपास. शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव ठरला. कंपनीच्या विजेचा ठरला नाही.

सीमाभागातल्या आपल्या निपाणीला हा व्यवहार ओळखीचा वाटायला हवा. तंबाखू वखारीत पोचला की भाव व्यापारी सांगणार आणि पिकवणारा मान डोलावणार, हे या गावाने पिढ्यान् पिढ्या सोसलं. मार्च-एप्रिल 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले ते त्यासाठीच. गोळीबार झाला, माणसं गेली. माल हातातून सुटला की बोलायचं बळही सुटतं, हा धडा आपण रक्त देऊन शिकलो. माडबनच्या शेतकऱ्याच्या हातून तर शेतच सुटलं आहे.

गोळीबार तिकडेही झाला. 18 एप्रिल 2011, साखरी नाटे. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघाताला सव्वा महिनाही झाला नव्हता. एक तरुण मच्छीमार ठार झाला. नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न सरळ होता: भट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी घ्यायचं आणि गरम करून परत सोडायचं, तर मासळी राहील का? आणि हे पाणी म्हणजे पूर्ण प्रकल्प चालू झाल्यावर दिवसाला सुमारे 5,200 कोटी लिटर. एवढं पाणी ज्याच्या जाळ्याखालून जाणार, त्याला उत्तर मिळायलाच हवं.

आता कुणी म्हणेल, निपाणीला यात काय घेणं? नकाशा उघडा. जैतापूर निपाणीपासून सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर, कैगाचं अणुवीज केंद्र सुमारे 170. एक महाराष्ट्रात, एक कर्नाटकात, मधे आपण. दोन्ही सरकारं आपल्यावर हक्क सांगतात. अणुभट्टीबद्दल मात्र दोघांपैकी एकानेही आपल्याला काही विचारलेलं नाही.

सीमाभागातल्या आपल्या नेत्यांनाही एक सवाल. महाराष्ट्राच्या सीमाभागावरच्या दाव्यात 865 गावं आहेत. त्यात निपाणी आहे, तसे कारवार, सुपा, हल्याळकडचे भागही आहेत. कैगा कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठावर आहे. याच नदीवरच्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं आणि तिथली माणसं रामनगरला येऊन राहिली. दाव्यात ही माणसं आपली, मग त्यांच्या उशाशी 700 मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या येताहेत त्यावर आपल्या व्यासपीठावरून एक ठराव का होत नाही? भाषेचा हक्क मागणाऱ्याने पाण्याचा आणि हवेचाही हक्क मागावा.

कैगासाठी बोललं कोण? शिवराम कारंत. कन्नडमधले ज्ञानपीठविजेते लेखक. कैगाला विरोध करत, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते 1989 ची लोकसभा लढले. पडले. पण हरणार हे दिसत असतानाही ते उभे राहिले, याबद्दल मराठी माणसानेही त्यांना नमस्कार करावा. त्यांचा प्रत्येक मुद्दा मला पटतो असं नाही, पण त्यांनी लोकांना विचारा म्हटलं, ते शंभर टक्के पटतं.

कैगाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. 13 मे 1994 रोजी बांधकाम चालू असताना भट्टीवरच्या घुमटाच्या काँक्रीटचा मोठा भाग कोसळला. 2009 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम सापडलं आणि ते पन्नासहून जास्त कामगारांच्या पोटात गेलं. आतल्याच कुणाचं तरी कृत्य, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. तीच कैगाची पहिली भट्टी 2018 अखेर सलग 962 दिवस न थांबता चालली आणि तिने जागतिक विक्रम केला. आपल्या अभियंत्यांना हे काम जमतं. म्हणूनच त्यांच्याकडून खरं उत्तर मागायला संकोच नको.

आणि वीज हवीच आहे. उसाला पाणी द्यायला थ्री फेज रात्री येते आणि शेतकरी अंधारात, सापाकिरड्यातून मोटार चालू करायला जातो. दिवसा सौर आहे, संध्याकाळी नाही. कोळसा जाळून रायचूरच्या माणसाच्या छातीत राख भरायची आणि आपण हात झटकायचे, हेही बरोबर नाही. अणुवीज नको असं मी म्हणत नाही. देशात आज ती एकूण विजेच्या जेमतेम 3 टक्के आहे. 2047 पर्यंत 100 गिगावॉटचं लक्ष्य ठेवलं आहे, म्हणजे आजच्या अकरा-बारा पट. एवढी झेप घ्यायची तर कागद आधी स्वच्छ हवेत.

जैतापूरला 1,730 मेगावॉटच्या, ईपीआर जातीच्या सहा भट्ट्या यायच्या आहेत. याच जातीची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामांव्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली. 2012 ला सुरू व्हायची ती डिसेंबर 2024 मध्ये ग्रिडला जोडली गेली. मूळ अंदाज 3.3 अब्ज युरोचा, नंतर ईडीएफचाच हिशेब 13.2 अब्जांचा. चौपट. बांधणाऱ्याच्या स्वतःच्या घरात हे घडलं, तर राजापुरात वाढलेला खर्च कोण भरणार? करारात लिहिलं नाही तर वीजबिलात येणार. आपल्या काकरापारच्या तिसऱ्या भट्टीलाही साडेबारा वर्षं लागली, हेही लपवायचं कारण नाही.

सगळ्यात टोचणारी गोष्ट अणुअपघाताच्या भरपाईची. भोपाळनंतर शहाणे होऊन आपण 2010 च्या अणुदायित्व कायद्यात एक कलम घातलं: यंत्र सदोष निघालं तर ते पुरवणाऱ्या कंपनीकडून वसुली करता येईल. परदेशी कंपन्यांना ते पहिल्यापासून खुपत होतं. डिसेंबर 2025 च्या नव्या शांती कायद्याने ते काढून टाकलं. आता करारात लिहून घेतलं तरच वसुली, किंवा मुद्दाम घातपात केला तर. मोठ्या भट्टीच्या चालकाची जबाबदारी 3,000 कोटी रुपयांवर थांबते. फुकुशिमाच्या खर्चाचा जपान सरकारचा 2016 चा अंदाज होता 21.5 लाख कोटी येन. आजच्या भावाने बारा लाख कोटी रुपयांच्या घरात. मधला फरक शेवटी तुमच्या-माझ्यावरच येणार. तंबाखूत खडे मिसळणाऱ्याला निपाणीत कुणी सोडलं नसतं. सदोष यंत्र विकणाऱ्याला का सोडायचं?

मागण्या तीनच आहेत, आणि त्या केंद्राकडे व दोन्ही राज्यांकडे आहेत.

पहिली, काँक्रीट पडण्याआधी युनिटचा दर जाहीर करा, खर्च वाढला तर तो कोण सोसेल हे करारात लिहा.

दुसरी, पुरवठादाराकडून वसुलीची अट प्रत्येक करारात सक्तीने घाला. नवा कायदा ती घालायला मनाई करत नाही, म्हणजे न घालण्याचा निर्णय सरकारचा स्वतःचा असेल.

तिसरी, सगळे कागद जैतापूरला मराठीत आणि कैगाला कन्नडबरोबर मराठी-कोंकणीतही द्या. जनसुनावणी त्यानंतर घ्या आणि तिथे पोलिसांपेक्षा अभियंते जास्त पाठवा.

हे तीन कागद हातात पडले तर मी या सदरातून अणुवीज प्रकल्पाच्या बाजूने लिहीन. ते मिळेपर्यंत माझं मत माडबनच्या शेतकऱ्याबरोबर आणि नाट्याच्या मच्छीमाराबरोबर आहे.