चाळीतला निबंध

मागच्या आठवड्यात आमच्या विंचूरची बारावीतली एक मुलगी प्रवेशअर्जासोबतचा निबंध दाखवायला आली. इंग्रजीत होता, टाईप केलेला, एकही चूक नसलेला. पहिल्या वाक्यात लहानपणापासूनची समाजसेवेची आवड, दुसऱ्यात मोठी स्वप्नं, तिसऱ्यात नेतृत्वगुण. शहरातल्या एका सल्लागाराने तो लिहून दिला होता आणि त्याचे पैसे रोख घेतले होते. मी दोनदा वाचला. त्यात विंचूर नव्हतं, तिचं घर नव्हतं, ती स्वतःही कुठे नव्हती. वरचं नाव बदलून तोच कागद लुधियानाच्या मुलाने पाठवला असता तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं.

कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "काल कॉलेजातून घरी आल्यावर काय केलंस?"

"कांद्याच्या चाळीत होते, काका. सडका कांदा निवडून काढत होते. मग आजोबांची पट्टी तपासली."

"कसली पट्टी?"

मग ती अर्धा तास बोलत राहिली. आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही. बाजार समितीतून आलेली प्रत्येक हिशोबपट्टी आठवीपासून हीच तपासते. वजन किती, भाव किती, हमाली, तोलाई, वाराई किती आणि शेवटी हातात किती, हे सगळं एका वहीत उतरवते. 2024 च्या एप्रिलमध्ये याच कपातीवरून वाद पेटला आणि नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले. तेव्हा तिने वही काढली आणि आधीच्या दोन वर्षांत घरच्या कांद्यातून किती रुपये कापले गेले त्याची बेरीज केली. अर्थशास्त्र शिकायचं हे तिने त्या दिवशी ठरवलं.

सल्लागाराने घेतलेल्या पैशांत तिला एक प्रश्न विचारला असता तर हे सगळं त्याच्या समोर आलं असतं. त्याने विचारलंच नाही. मला राग आहे तो याचा.

पण दोष त्याच्या एकट्याचा नाही. आपण शाळेत काय लिहून घेतो ते पाहा. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त. नदीचं मनोगत. पडक्या किल्ल्याचं गाऱ्हाणं. गाईडमधून उतरवायचं, पाठ करायचं, पेपरात ओतायचं. दहा वर्षं आपण मुलांना छत्रीच्या तोंडून बोलायला लावतो आणि स्वतःच्या तोंडून एक परिच्छेदही लिहून घेत नाही. पुढे राज्यातले प्रवेश टक्केवारीवर, सीईटीवर आणि कॅप राउंडवर ठरतात. तिथे आकडा भरला की झालं. मग अठराव्या वर्षी कोणीतरी पहिल्यांदाच विचारतं की तू कोण आहेस, आणि पोरगं घाबरून दुसऱ्याच्या दारात उभं राहतं.

हे विचारणारे आता पुष्कळ आहेत आणि काही तर आपल्या राज्यातच आहेत. मुळशीजवळ 1997 पासून चालणारं युडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज विचारतं. सोनिपतचं अशोका विद्यापीठ विचारतं. अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ज्या कॉमन ॲपवरून अर्ज घेतात, तिथे मुख्य निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे. ब्रिटनच्या युकास या प्रवेशसंस्थेने 2026 च्या प्रवेशापासून जुनं सलग निवेदन बंद करून तीन सरळ प्रश्न ठेवले: हा विषय का, अभ्यासातून त्याची तयारी कशी झाली आणि अभ्यासाबाहेर काय केलं. पुढे नोकरी करताना चिव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज कराल तर नेतृत्व, माणसं जोडणं आणि पुढची वाट यांवर वेगवेगळं लिहावं लागतं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही.

परदेशी कॉलेजला लिहिलेला अर्ज ही मराठी माणसाला नवी गोष्ट मुळीच नाही. 28 जून 1883 रोजी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय 18. अमेरिकेत उतरून महिनाही झाला नव्हता. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. सरळ लिहून टाकलं. आप्तमित्र आणि जात या सगळ्यांचा विरोध पत्करून इथवर आले, तो निर्धारच पुढे कामाला येईल, असं म्हटलं. आणि हेतू सांगितला: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. आवड, स्वप्न, ध्यास असले शब्द रचून ठेवले नाहीत. कमी काय आहे, जमेला काय आहे आणि कोणासाठी शिकायचं आहे, एवढंच सांगितलं. प्रवेश मिळाला आणि 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या. सल्लागारांच्या नमुन्यांच्या फायली विकत घेण्याआधी हे एक पत्र वाचा. फुकट मिळतं.

दुसरा धडा आपल्या शेजारीच आहे, नैताळ्यात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. त्यांनी ते निफाडच्या पोस्टातून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले. पाठवणावळ 54 रुपये, तीही पदरची. त्यावर कोणाला रडून दाखवावं लागलं नाही. 750, 1,064 आणि 54. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी ते तीन आकडे छापले आणि प्रत्येक वाचणाऱ्याला ते कळले.

हे मुद्दाम सांगतो, कारण सल्लागारांचा दुसरा नमुना याच्या बरोब्बर उलटा असतो. खेड्यातलं पोर दिसलं की त्याला गरिबी लिहायला लावायची. दुष्काळ, गळकं छप्पर, आईचे अश्रू. हे घृणास्पद आहे. गरिबी ही तुमची परिस्थिती आहे, ती दाखवून प्रवेश मागू नका. परिस्थितीत तुम्ही काय केलंत, काय पाहिलंत, कशाचा विचार करत जागे राहिलात, ते लिहा. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा चाळीतल्या आणि शेतातल्या मालाचं घरात काय ठरलं, कोण काय म्हणालं, तुमचं मत काय होतं आणि ते नंतर बदललं का? बाप द्राक्षं वाईन पार्कला घालतो आणि घरात वारकऱ्याची माळ आहे, त्यावर रात्री जेवताना काय बोलणं होतं? नांदूरमधमेश्वरचं धरण इथून जवळ आहे. 2020 मध्ये तिथली पाणथळ जागा राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. थंडीत तिथे लांबून पाखरं येतात आणि काठच्या शेतकऱ्याला पिकाची काळजी असते. पर्यावरण शिकायचं म्हणणाऱ्या निफाडच्या पोराने त्या काठावर चार सकाळी तरी बसून आलं पाहिजे. नाहीतर पर्यावरण शिकायचं म्हणू नये.

चॅटजीपीटीबद्दल एकच सांगतो. व्याकरण तपासायला वापरा. पण त्याला आजोबांची वही माहीत नाही, म्हणून ते पुन्हा समाजसेवेची आवडच लिहून देणार. आणि अनेक ठिकाणी निबंधानंतर मुलाखत असते. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यावर पहिला उपप्रश्न आला की जीभ टाळ्याला चिकटते. मी चिकटलेली पाहिली आहे.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे, तिला हसू नका. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो चालतो. आधी मराठीत लिहा, घरी बोलता त्या मराठीत. मग वाक्यं तोडून लहान करा, मग साध्या इंग्रजीत आणा, मग शिक्षकांना दाखवा. त्या मुलीने तसंच केलं. तिच्या नव्या निबंधाचं पहिलं वाक्य आहे, "माझ्या आजोबांना तोलाई आणि वाराई यांतला फरक मी आठवीत समजावून सांगितला." इंग्रजीत वाराई हा शब्द तिने तसाच ठेवला आणि पुढच्या ओळीत त्याचा अर्थ दिला. ते वाक्य पंजाबचं, केरळचं कोणीच लिहू शकत नाही.

पैशांचं काय, असं आईबाप विचारतात आणि तिथेच अर्ज मरतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी इथे परदेशी अर्जदाराला मदतीची गरज आहे म्हणून प्रवेश नाकारत नाहीत. प्रवेश मिळाला की गरजेइतकी मदत देतात. तिथे निवड होणं फार अवघड आहे, हेही खरं. पण आपल्याच देशात बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीमाफी देतं. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि ते सयाजीराव जन्मले आपल्याच जिल्ह्यातल्या कौळाण्यात. आजही वाट दाखवणारे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातून चिव्हनिंगवर लंडनला गेलेले राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाला निघालेल्या मुलांना अर्ज आणि मुलाखतीसाठी तयार करते. अशांना गाठा. प्रवेशाची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या दारातून मात्र परत फिरा. प्रवेशाची हमी कोणालाच देता येत नाही.

कागदांचं काम बारावीवर ढकलू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यांसाठी निफाडला तहसीलच्या फेऱ्या होतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं, यात पोरांचे महिने गेलेले मी पाहिले आहेत. अकरावीतच सगळी नावं जुळवा.

आणि गुरुजनहो, तुमच्यासाठीही. शिफारसपत्रात "विद्यार्थी आज्ञाधारक व वक्तशीर आहे" एवढंच लिहिता, तेव्हा वाचणाऱ्याला तुमच्या विद्यार्थ्याबद्दल काहीही कळत नाही. त्याने वर्गात विचारलेला एक प्रश्न लिहा. त्यासाठी तो आधी कानावर पडायला हवा.

विंचूर, लासलगाव, निफाडच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या शनिवारी अकरावीच्या वर्गात एक तास द्या. कोरे कागद वाटा. फळ्यावर लिहा: काल घरी गेल्यावर तू काय केलंस? आणि तास संपेपर्यंत कोणाला काहीही सुचवू नका.