रस्ता वर, मोरी खाली

मराठवाड्यात तळघर हवं असेल तर खणावं लागत नाही. जुनं घर घ्यावं आणि पंधरा-वीस वर्षं स्वस्थ बसावं. दर निवडणुकीच्या तोंडावर दारापुढे सिमेंटचा एक थर पडतो. खालचा उखडण्याची रीत नाही, त्यामुळे रस्ता वीत-वीत वाढतो आणि तीन पायऱ्या चढून ज्या घरात जायचं, त्याच घरात एक दिवस दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. विकास दारात आला म्हणतात, तो असा.

गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव हे रेणुकामातेचं गाव. नवरात्रात पाहुणे येणार, तेव्हा खालच्या अंगाला नवं बाथरूम हवंच, असं अशाच एखाद्या खचल्यासारख्या दिसणाऱ्या घरात ठरलं असं समजू. मग बैठका सुरू होतात. टाइलचा रंग दोन बैठका खातो, शॉवर एक. कमोड वायव्येला असावा, यावर वास्तूवाले ठाम असतात. वायव्य म्हणजे वायूची दिशा. त्या वायूला बाहेर पडायला पाइप कुठून काढायचा, हे मात्र ना वास्तूवाले सांगतात, ना मालक विचारतात.

पाण्याचंही तेच. चार इंची पाइपाला दहा फुटांमागे साधारण तीन इंच ढाळ लागतो, हे मिस्त्रीला पाठ असतं. अडचण एवढीच की ढाळ द्यायचा कुठे? रस्त्याबरोबर नालीही वर चढलेली. मोरी खाली आणि नाली कमरेला. मग जमिनीत छोटी बंदिस्त टाकी, तिच्यात मैला उपसणारा पंप आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह, एवढा संसार मांडावा लागतो. व्हॉल्व्हचे पैसे वाचवले तर पहिल्या मोठ्या पावसात सगळी गल्ली न्हाणीत पाहुणी येते. पंपाचं म्हणाल, तर लाइट असेपर्यंत तो उत्तम चालतो. त्यात जमीन काळी असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाइपाचे सांधे हळूच सैल करून ठेवते.

कमोडखालचं वाकडं वळण 1775 साली अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने पेटंटात नोंदवलं. वळणात पाणी साठून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. आपल्याकडचा नहाणी ट्रॅपही त्याच गोत्रातला. सगळी राखण दोन-चार बोटं पाण्याची! पण फ्लश केला की पाण्याचा लोट पाइपातून धावतो, मागे हवा ओढतो, आणि हवा यायला वाट नसेल तर ट्रॅपमधलंच पाणी ओढून नेतो. तोच तो गुडगुड आवाज. त्यावरचा उपाय म्हणजे छताच्या वर गेलेला उभा व्हेंट पाइप. गावोगाव चालणारा उपाय म्हणजे फिनेल आणि डांबरगोळ्या. पाहुण्यांचं बाथरूम तर नवरात्र सरलं की बंद. उन्हाळ्यात ट्रॅप कोरडा पडतो आणि घरभर वास सुटला की बिचाऱ्या उंदराचा शोध सुरू होतो.

गंमत अशी की जमिनीखालच्या हवेचं शास्त्र या मुलखाला नवं नाही. ज्वारीची पेवं भरणारी पिढी पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नसे. तोंड उघडं ठेवून वारा जाऊ द्यायचा, कंदील खाली सोडून पाहायचा, तो विझला तर माणसाने थांबायचं. आजोबांना कळत होतं ते आर्किटेक्टच्या रंगीत नकाशात सापडत नाही.

आणि इथे चेष्टा थांबवावी लागते. शेजारच्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, मे 2023 मध्ये सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा गुदमरून जीव गेला. अशा टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी घालणारा कायदा 2013 चाच आहे.

खरं तर बारा हजारांच्या सरकारी अनुदानातल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला व्हेंट लागतच नाही. वायू मातीत जिरतो, एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्यात खत होतं. पण त्यात प्रतिष्ठा नाही. प्रतिष्ठा भल्या मोठ्या बंद टाकीत. ‘नातवाच्या काळातही भरणार नाही’ हे मालक अशा अभिमानाने सांगतात की जणू सोसायटीतली ठेवच. मग टाकीचा व्हेंट आलाच, आणि डास निघू नयेत म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधा, असं आरोग्य कर्मचारी घरोघर सांगत फिरतात. जाळी बांधायला आधी पाइप लागतो.

तो शेवटी आणला जातो. मिस्त्री चार इंची पाइप खांद्यावर घेऊन उभा. समोरच्या भिंतीला नुकताच दोन रंगांचा एलिव्हेशन पेंट झालेला.

“मालक, कुठवर न्यायचा?”

“रस्त्यावरून दिसणार नाही तिथवर.”

मिस्त्रीने एकदा रस्त्याकडे पाहिलं, तो छतापासून तसा फार खाली नव्हता, आणि करवत मागितली.