तळमजल्यावर समुद्र

कुर्ल्याच्या माणसाला शांत गावी नेऊ नये. त्याला स्वतःला त्रास होतो आणि मग तोच त्रास तो इतरांत वाटतो. हे मत मी मुलीला फोनवर, व्हिडिओ कॉलवर आणि शेवटी टोकियोच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या सांगून पाहिलं. पण लग्न होऊन जपानला गेल्यापासून तिला आईबापांना निवांतपणा देण्याची हौस आली आहे. "बाबा, सगळे क्योटो बघून परत जातात. आपण इनेला जाऊ," ती म्हणाली. इने क्योटो प्रांतातच आहे, पण पार उत्तरेला, जपानच्या समुद्राला टेकलेलं. वस्ती सुमारे २,०००.

दोन हजार! सकाळच्या गर्दीत बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये अख्खं इने आजारी माणसांसकट बसवता येईल, आणि कुर्ल्याला थांबल्यावर वरून आणखी शेकडो लोक चढतील. एवढ्याशा वस्तीला आमच्याकडे गाव म्हणत नाहीत, फार तर दोन इमारतींचा वाद म्हणतात.

टोकियोत तसा मी खूश होतो. मुलगी निशि-कासाईला राहते. तो भाग एदोगावा वॉर्डात येतो आणि तिथे आयटीतली आपली मंडळी इतकी आहेत, की आमच्या हिला कढीपत्ता मिळाला आणि मला बागेत राजकारणावर बोलायला दोन पुणेकर मिळाले. २०१९ साली याच वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला, हेही त्यांनीच सांगितलं, ते स्वतःच निवडून आल्यासारखं. असा भाग सोडून दोन हजारांच्या गावी जायचं, ही काय सहल झाली?

क्योटोहून 'हाशिदाते' नावाची गाडी निघाली. सुमारे दोन तासांचा प्रवास, आणि डब्यात कुणी फोनवर सुद्धा बोलत नाही. जावईबापूंनी हलक्या आवाजात जपानी रेल्वेचं कौतुक सुरू केलं. वक्तशीरपणा, स्वच्छता, बुलेट ट्रेन. मी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, बुलेट ट्रेन कधीची? १९६४, ते म्हणाले. मी म्हटलं, देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून सुटली, ती थेट कुर्ल्याला आली. म्हणजे आम्ही तुमच्या जपानच्या एकोणचाळीस वर्षं पुढे. यावर जावईबापू खिडकीबाहेर बघायला लागले. डब्यातली शांतता तेवढीच मला आवडली.

गाडी अमानोहाशिदातेला उतरवते. तिथे खाडीच्या तोंडावर साडेतीन किलोमीटरहून थोडी लांब वाळूची पट्टी आडवी पडली आहे, आणि तिच्या अंगावर हजारो पाइन वृक्ष. जपानमधल्या सर्वांत देखण्या तीन दृश्यांत तिची गणना होते. मात्र ती सरळ बघायची नाही. खुर्चीच्या लिफ्टने डोंगरावरच्या बागेत जायचं, ठरलेल्या दगडावर समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, कमरेत वाकायचं आणि स्वतःच्या दोन पायांमधून बघायचं. मग म्हणे ती पट्टी आकाशात जाणारा पूल होते. चेष्टा वाटेल, पण लोक रांगेत उभे होते. सूट घातलेले गृहस्थ, कॉलेजातल्या मुली, एक आजोबा. प्रत्येक जण गंभीरपणे दगडावर चढत होता, वाकत होता, पाहत होता आणि कृतार्थ चेहऱ्याने उतरत होता.

"अहो, तुमची कंबर," ही म्हणाली. पण रांगेत उभं राहिल्यावर नंबर सोडायचा नाही, हा कुर्ल्याचा संस्कार. वाकलो. आकाश खाली गेलं, पाणी वर आलं आणि मधली हिरवी पट्टी खरोखरच वर निघाली. डोक्यात रक्त उतरल्यावर मला कुर्ल्याचा रेल्वेपूलही स्वर्गात जाताना दिसला असता, ते सोडा. दृश्य सुंदर होतं. अडचण सरळ होताना आली. मागच्या आजोबांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि मग कमरेत वाकून नमस्कार केला. नमस्काराला नमस्कार करणं भाग होतं. मी वाकलो. त्यांनी मला पुन्हा उभं केलं आणि पुन्हा वाकले. शेवटी मुलीने मध्ये पडून आम्हा दोघांना सोडवलं.

पुढे इनेपर्यंत बस, साधारण तासाची. मागच्या दाराने चढायचं, यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, समोरच्या पाटीवर आपल्या नंबराखालचं भाडं चढत जाताना बघत बसायचं आणि उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. सुटे नसतील तर तीच पेटी सुटे करून देते. कंडक्टर नाही, 'सुटे काढा' नाही, तिकिटामागे लिहून दिलेली बाकी नाही. प्रवासात माणसाचा संबंध येतोच कुठे?

आणि मग वळणावर इने दिसलं. मी गप्प झालो. हिला ते काळजीचं लक्षण वाटलं.

समुद्राचा एक कोपरा डोंगरांनी तीन बाजूंनी कवेत घेतलाय आणि पाण्याच्या अगदी काठावर, खांद्याला खांदा लावून, लाकडी घरं उभी आहेत. सुमारे २३०. त्यांना फुनाया म्हणतात, म्हणजे होडीचं घर. तळमजल्याची जमीन समुद्राकडे उतरती केलेली असते आणि पाणी सरळ आत येतं. मासे पकडून आलं, की होडी तशीच घरात घ्यायची. वरच्या मजल्यावर पूर्वी जाळी आणि सामान असायचं, आता खोल्या. कुटुंबाचं मोठं घर रस्त्यापलीकडे, डोंगराला पाठ लावून. थोडक्यात, आपण मोटारीला बांधतो तसं होडीला गॅरेज, फक्त त्यात समुद्र पार्क केलेला.

असं बांधायला समुद्रही तसा लागतो. हा उपसागर दक्षिणेला उघडतो, त्यामुळे उत्तरेचं वादळ डोंगरापलीकडे राहतं. तोंडावर आओशिमा नावाचं बेट आहे, ते उरलेल्या लाटा अडवतं. आणि मुख्य म्हणजे इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर. आमच्याकडे साडेचार मीटरची भरती असली, की पेपरात चौकट येते. तेव्हा धो धो पाऊस असला तर शहराचं पाणी समुद्रात जायला तयार नसतं, मिठी नदी फुगते आणि 'सायन-कुर्ला दरम्यान रुळांवर पाणी' ही बातमी सुरू होते. मी ती इतक्या पावसाळ्यांत ऐकली आहे, की एखाद्या वर्षी उशीर झाला तर चुकल्यासारखं वाटतं.

आमचं घर नेहरूनगरला, तळमजल्यावर. तळमजल्यावर पाणी येणं यात आम्हाला नवलाई नाही. हिचा त्यातला अभ्यास दांडगा आहे. फ्रिजखाली किती विटा, गॅसचं सिलिंडर कधी पलंगावर, गहू कोणत्या फळीवर, हे तिला आकाशाच्या रंगावरून कळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री आमचा टीव्ही, सोफा आणि मुलीची नववीची पुस्तकं पाण्यात होती आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे खिचडी खात होतो. योगायोग असा, की जपान सरकारने इनेच्या या घरांना जतन करण्याजोगा वारसा म्हणून दर्जा दिला, तोही २००५ सालीच. एकाच वर्षी दोघांच्या तळमजल्यावर समुद्र. त्यांना सन्मानपत्र, आम्हाला पंचनामा.

त्यामुळे आमचं बुकिंग केलेल्या फुनायात शिरताच हिने समुद्र पाहिला नाही. तिने आधी स्विचबोर्ड किती उंचीवर आहे ते पाहिलं. मग भिंतीवर ओलीची रेघ शोधली. रेघ नव्हती. "नुकताच रंग दिलाय," ती म्हणाली.

रात्री वरच्या खोलीत चटयांवर गाद्या अंथरून झोपलो. दिवा मालवला आणि खालून आवाज सुरू झाला. चुळुक. चुळुक. जगात कुठेही असो, हा आवाज ऐकून कुर्लेकर झोपत नाही. मुलगी-जावई शेजारच्या खोलीत ढाराढूर. त्यांना निवांतपणा लाभला होता. मध्यरात्रीनंतर हिने हळूच उठून बॅगा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशीखाली. मग म्हणाली, "अहो, चढतंय का बघून या." मी टॉर्च घेऊन खाली गेलो. पाणी संध्याकाळी जिथे होतं तिथेच, काळंभोर, सभ्यपणे उभं होतं. पहाटे पुन्हा बघितलं. तिथेच. इतकं शिस्तीचं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यालाही बहुधा आत शिरण्यापूर्वी चपला काढायला शिकवलं असावं.

सकाळी न्याहारी घेऊन घराच्या मालकीणबाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, चाल माझ्यापेक्षा जलद. हिने त्यांना पहिल्या मिनिटाला 'मावशी' करून टाकलं. मावशींनी भात, भाजलेला मासा, सूप आणि एका बशीत तपकिरी काप ठेवले. त्या कापांचं नाव हेशिको. मासा आधी मिठात मुरवायचा, मग तांदळाच्या कोंड्यात दाबून वर्षभर ठेवायचा. एक काप तोंडात टाकला आणि मी ताठ झालो. बांगडा! नेमका आपला नसेल, पण त्याचा सख्खा चुलतभाऊ. माझी आई देवगडची. पावसाळ्याच्या बेगमीला ती बरणीत खारवलेले बांगडे भरायची आणि आमच्या चाळीत बरणी उघडली, की दोन खोल्यांपलीकडून तक्रार यायची. इथे मला त्याबद्दल वेगळे पैसे मोजावे लागले होते. मी भाताची तिसरी वाटी मागितली. हिचा नेमका गुरुवार. तिने मासा बाजूला सारला आणि ते सूप 'पातळ आमटी' म्हणून दोनदा मागून घेतलं. जपानी सुपाचं पाणी सुक्या माशाच्या तुकड्यांत उकळलेलं असतं, हे मला माहीत होतं. मुलीने डोळे वटारले. मी भातात लक्ष घातलं.

दिवसभर गावातून फिरलो. रस्ता एकच. हॉर्न नाही, फेरीवाला नाही, 'साईड प्लीज' नाही. घराच्या पायरीशी मासे धरायचा जाळीचा पिंजरा पाण्यात सोडलेला. त्यात संध्याकाळची भाजी आपोआप येऊन बसते. डोक्यावर घारी. घारी मात्र कुर्ल्यासारख्याच, कुणाच्या हातात काय आहे यावर नजर ठेवून. तेवढंच बरं वाटलं. बाकी माणूस म्हणून कुणी दिसेना. बऱ्याच फुनायांत होडीही नव्हती. लाकडी होड्या कुजू नयेत म्हणून त्या घरात ओढून वाळवाव्या लागत; फायबरच्या होड्यांना त्याची गरज नाही, त्या बाहेरच बांधून ठेवतात. तरुण मुलं शहरात गेली, होड्या अंगणात गेल्या, आणि रिकाम्या घरात आमच्यासारखे पाहुणे आले. हे काही मला रुचलं नाही. गाव सुंदर आहे, पण सुंदर गावात कुणीतरी भांडायला हवं. मी जावईबापूंना म्हटलं, आमच्या सोसायटीची ए विंग इथे आणून वसवा. महिन्याभरात कमिटी, दोन गट आणि सत्यनारायण सुरू होईल. त्यांनी व्हिसाच्या अटी सांगितल्या.

याच गावाच्या हद्दीत उराशिमा तारोचं देऊळ आहे. तो कोळी कासवाच्या पाठीवरून समुद्रतळाच्या महालात गेला, थोडे दिवस मजेत राहिला आणि परत आला, तर गावात शेकडो वर्षं उलटलेली. ओळखीचं कुणी नाही. आपल्याकडे रैवत राजा लेकीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चालू होतं, म्हणून संपेपर्यंत थांबला, तेवढ्यात खाली युगं लोटली. जावईबापूंना या गोष्टी अद्भुत वाटल्या. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. मी गणपतीला देवगडला जाऊन परत येतो, तेव्हा नाक्यावरची एखादी इमारत पत्र्यांच्या आड गेलेली असते आणि पत्र्यावर तेवीस मजल्यांचं चित्र असतं. फक्त आमच्याकडे कासव लागत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशी चहा घेऊन आल्या आणि टेकल्या. मुलगी दुभाषी. तुमचं घर कसं आहे, त्यांनी विचारलं. हिला बोलायला विषयच मिळाला. ती म्हणाली, आमचंही तळमजल्यावर आहे. साडेचार मीटरची भरती आणि पाऊस एकदम आला, की आमच्याही घरात पाणी येतं, कधी गुडघ्यापर्यंत, एकदा तर छातीपर्यंत. मुलीने सांगितलं. मावशींचा चेहरा उजळला. एवढ्या लांबून कुणीतरी आपल्यातलंच आलं होतं. त्या पुढे सरकल्या आणि अगदी आपुलकीने काहीतरी विचारलं. मुलगी हसू दाबत म्हणाली, "आई, त्या विचारतायत, मग तुमची होडी कुठे ठेवता?"

ही क्षणभर थांबली.

"सांग, माळ्यावर."

मावशींनी विचार करून मान डोलावली. साडेचार मीटरची भरती असेल तर तेच योग्य, असं त्यांचं मत पडलं.