पटाबाहेरचे हत्ती-घोडे

भायखळ्याच्या राणीबागेत शिरलेली पोरं पेंग्विनांकडे धाव घेतात. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी एक दगडी हत्ती उभा आहे, त्याला कुणी विचारत नाही. वास्तविक त्याचं कूळ मोठं. घारापुरीच्या बेटावर हा असा ठाण मांडून होता की पोर्तुगीजांनी अख्ख्या बेटालाच त्याचं नाव देऊन टाकलं. १८६४ साली साहेबाने त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेनने दगा दिला आणि गजराज कोसळले. तुकडे मुंबईला आले, १९१४च्या सुमारास सांधले गेले. विलायतवारी टळली, पण अंग मोडून घेतल्यावर! बेट मात्र अजूनही एलिफंटाच.

त्याच्या सोबतीला सातव्या एडवर्डचा काळा घोडा आहे, पाठीवरच्या राजासकट. १९६५मध्ये त्याला फोर्टातून इथे हलवलं, तरी लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तिथे नवा घोडा बसवावा लागला, बिनराजाचा. डाव पुढे सरकलाय आणि मारलेले हत्ती, घोडा, राजा पटाशेजारी गुमान मांडून ठेवलेत, असं त्यांच्याकडे बघताना वाटतं.

खुद्द संग्रहालयानेही हे भोगलंय. १८५७च्या धामधुमीत शिपायांना जागा हवी म्हणून फोर्टातल्या बराकीतून त्याचं चंबूगबाळं बाहेर काढलं गेलं. मग डॉक्टर भाऊ दाजी, नाना शंकरशेट, बर्डवूड यांनी वर्गणीसाठी खटपट केली. पायाभरणी १८६२ची, दार उघडलं १८७२ला. नाव मिळालं राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या यजमानांचं. भाऊंची पाटी लागायला १९७५ उजाडलं. मुंबईत जागेच्या कागदावर नाव चढायला वेळ लागतोच म्हणा.

आत कपाटांमध्ये मातीची चिमुकली मुंबई आहे. जातीजातीची, धंद्याधंद्याची माणसं, आणि नुसत्या पगड्या मिरवणारी डोकी. कुणाची पगडी चक्राकार, कुणाची उभट, आणि प्रत्येकाच्या तोंडावर आपलीच खरी असा भाव. आजचा मुंबईकर इथे घडवायचा तर डोकं बोडकं, सॅक पोटाशी, एक हात वर कडीला. शंभर वर्षांनी लोकल राहिली नाही, तर खालच्या चिठ्ठीवर कुणीतरी भक्तिभावाने लिहील: आशीर्वाद देताना.