नियमवाले भाऊजी

पाऊस लागला, वीज गेली आणि भाऊजींना सेकंड शिफ्ट नसली, की ताई आधी मिक्सरचा खोका माळ्यावर टाकते. उपयोग शून्य. लोट्याच्या एमआयडीसीत रसायनांच्या वासात उभी हयात गेली, तरी पुठ्ठ्याचा वास या माणसाला बरोबर लागतो.

असा एक गृहस्थ कोकणात वाडीवाडीत निघतो. विकतच्या ‘व्यापार’मधल्या नोटा हरवल्या की बाकीचे नवा डबा आणतात, हे नवा खेळ काढतात. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी जमीनदारीचे पितळ उघडे पाडायला एक पट आखला, 1904 साली त्याचे पेटंट घेतले, आणि पुढे त्यातूनच मोनोपॉली निघाला. हे वाचल्यापासून भाऊजी प्रत्येक पटाच्या कोपऱ्यात सही ठोकतात. ताई तो पट रद्दीत घालते, पण सहीसकट.

सध्याचा खेळ ‘चाकरमानी’. पळस्प्याहून निघायचे आणि गणपतीच्या आत लोटे गाठायचे. वडखळला एक दान चुकते, माणगावच्या बाजारपेठेत दोन. कशेडीचा बोगदा ही शिडी. मात्र तो चालू की बंद, हे भाऊजी ठरवणार. महामार्गाचे रुंदीकरण 2011 पासून चाललेले, तेव्हा पटावर ‘काम चालू’ची घरे किती असतील ते कोकणी माणसाला सांगायला नको. सोंगट्या काजूच्या बियांच्या. धाकट्या भाच्याने मागे स्वतःची सोंगटी भाजून खाल्ली, तेव्हापासून त्याला शर्टाचे बटण मिळते.

फासा नाही, चार फोडलेले चिंचोके. इथेच भाऊजींचे घोडे पेंड खाते. त्यांच्या आईचा जन्म चल्लस-आठ खेळण्यात गेलेला. म्हातारी पदर खोचते, चिंचोके मुठीत खुळखुळवते, काहीतरी पुटपुटते आणि चारही काळे पाडते. आठ! आठाला पुन्हा दान. पुन्हा आठ. लेक पेणला, आई भरणे नाक्यावर.

मग वही निघते. कंपनीच्या लॉगबुकासारखी आखलेली, प्रत्येक नियमापुढे वेळ घातलेली.

“नियम 27. ज्येष्ठ नागरिकाने लागोपाठ दुसरे आठ टाकल्यास गाडी पंक्चर. आत्तापासून लागू.”

“होऊ दे की पंक्चर,” आजी शांतपणे सोंगटी उचलते. “मी एसटीने जाते. पंचाहत्तरीनंतर फुकट आहे.”

थोरली भाची तत्परतेने लिहिते : नियम 28, आजीला एसटी फुकट. वही आता तिच्याकडे असते, हे भाऊजींच्या उशिरा लक्षात येते.

“बायकांना अर्धं तिकीट आहे गं, तेही घाल!” ताई स्वयंपाकघरातून ओरडते.

नियम 29.

भाऊजी चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात. “म्हणजे पूर्ण तिकीट मी एकट्यानेच काढायचं?”

“आणि वडखळला उतरायचं,” आजी म्हणते. “टाक दान.”