धरूनवादी

पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांचे अनेक वर्ग पाडता येतात. त्यांपैकी धरूनवाद्यांच्या वर्गाकडे समाजशास्त्राचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. धरूनवादी म्हणजे असा भाडेकरू, ज्याला खोलीची लांबी-रुंदी, उजेड किंवा खिडकीपासून शेजारच्या इमारतीची भिंत किती हातांवर आहे, यांपैकी कशाचेही औत्सुक्य नसते आणि जो जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ‘लाइटबिल धरून ना, काका?’ एवढे विचारून घेतो. होकार मिळाला की पाणी, वायफाय, जिना झाडणाऱ्या मावशींचे पैसे, सोसायटीचा मेंटेनन्स आणि काकूंचा चेहरा प्रेमळ असल्यास सकाळचा चहा, अशा क्रमाने तो आपल्या प्रश्नाचा परीघ वाढवत नेतो. हा प्राणी बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा असतो. स्पर्धा परीक्षेसाठी लातूर-परभणीकडून सदाशिव किंवा नारायण पेठेत उतरलेला, अथवा हिंजवडीत नुकताच नोकरीस लागलेला. बदलीच्या नोकरीतले, पन्नाशी ओलांडलेले धरूनवादीही आढळतात. ते चहाऐवजी थेट नाश्त्यापासून सुरुवात करतात.

ही वृत्ती निव्वळ कंजूषपणातून आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या खात्यावर गावाकडून दरमहा ठरावीक रक्कम येते, त्याला खर्चाच्या आकड्यापेक्षा त्या आकड्याच्या चंचलपणाची धास्ती अधिक असते. आणि महावितरणचे बिल हे चंचलपणाचे मूर्तिमंत रूप आहे. त्यात वापरलेल्या विजेचा आकार असतो, काहीही न वापरता लागणारा स्थिर आकार असतो, वीज तारांवरून आणल्याचा वहन आकार असतो, प्रसंगी इंधन समायोजन आकार असतो आणि या सर्वांवर १६ टक्के विद्युत शुल्क असते. म्हणूनच साडेपाच हजार भाडे व बिल वेगळे अशी खोली नाकारून धरूनवादी सात हजारांची ‘सर्व धरून’ खोली घेतो आणि एरवी हजाराच्या वर न जाणारे बिल दीड हजारांत चुकवल्याच्या समाधानाने त्या रात्री शांत झोपतो.

जागामालकाचे गणित मात्र पक्के असते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना तो कमी असतो, १०१ ते ३०० युनिटांना बराच अधिक आणि त्यापुढे आणखी अधिक. तीन भाडेकरूंनी स्वतंत्र मीटरवर प्रत्येकी ९० युनिट वापरले, तर तिघेही पहिल्या टप्प्यातच राहतात. पण तेच तिघे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीऐवजी एकेक खाट भाड्याने घेऊन, एकाच मीटरखाली नांदू लागले की २७० युनिटांपैकी १७० युनिट वरच्या दराने मोजले जातात. ही वाढ मालक भाड्यात अगोदरच घालतो आणि कूलर चालणाऱ्या मे महिन्याचे बिल प्रमाण मानून ते बाराही महिन्यांना लावतो. तरीही, अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता, फसवणूक येथे कोणाचीच होत नाही. एकाने निश्चिंती विकलेली असते व दुसऱ्याने ती विकत घेतलेली असते, एवढेच.

सामान आत आले की दोन्ही पक्षांचा स्वभाव पालटतो. घरी असताना खोलीबाहेर पडताना पंखा बंद करणारा, वडिलांच्या धाकात वाढलेला हा तरुण आता उशीच्या अभ्र्यालाही इस्त्री करू लागतो, कारण न केलेली इस्त्री त्याला आपल्या सात हजारांतून वाया गेल्यासारखी वाटते. इकडे मालक जमाखर्च सोडून टेहळणीस लागतो. दोन किलोवॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो आणि तेवढ्याच युनिटात पंचाहत्तर वॉटचा पंखा तेरा तासांहून अधिक फिरतो, हे जाणून असल्यामुळे काका पंख्याबाबत उदार असतात. गिझरचे बटण दाबल्याचा आवाज मात्र त्यांना दोन भिंतींपलीकडून, टीव्हीवरील बातम्या चालू असतानाही, ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात बाथरूमच्या दारावर ‘गिझर सकाळी ६ ते ७.३०’ अशी सूचना लागते, दुसऱ्या महिन्यात इंडक्शन शेगडीवर बंदी येते आणि हिवाळा उतरेपर्यंत मुख्य मीटरच्या पोटात सब-मीटर, म्हणजे खोलीपुरता वापर मोजणारे मालकाचे खासगी यंत्र, बसलेले असते. ‘धरूनच आहे रे, शंभर युनिटपर्यंत,’ हे काकांचे वाक्य याच सुमाराचे. त्या दिवसापासून तिन्ही खाटांवरचे रहिवासी एकमेकांचे मोबाइल किती वेळ चार्जिंगला असतात, यावर नजर ठेवतात आणि काकांना थोडी विश्रांती मिळते.

वाद विकोपाला गेल्यास धरूनवादी कायद्याकडे वळतो. त्याचा करार लिव्ह अँड लायसन्स प्रकारचा, बहुधा अकरा महिन्यांचा असतो; लायसन्स म्हणजे जागेवर कोणताही हक्क न देता तिच्या वापरास दिलेली परवानगी, ही कल्पना १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातून आली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी जागामालकावर असते आणि तसा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. या शेवटच्या तरतुदीवर धरूनवाद्याची नितांत श्रद्धा असते. दुर्दैवाने त्याचा करार रीतसर नोंदवलेला निघतो, आणि एजंटाने भरलेल्या छापील मसुद्यात वीजबिल भाडेकरूने भरावे, असे स्वच्छ लिहिलेले असते. ‘धरून’ हा शब्द जिन्यातच उच्चारला गेला व जिन्यातच राहिला.

अकरा महिने संपताना काका हिशेबाचा कागद पुढे करतात. लाइटबिल शून्य, पाणी शून्य, मेंटेनन्स शून्य, असे सारे शब्द पाळलेले असतात आणि खाली डिपॉझिटमधून भिंतींच्या रंगासाठी पूर्ण एका महिन्याचे भाडे वजा केलेले असते. रंग धरून आहे का, हे धरूनवाद्याने विचारलेले नसते.